रोट संपेपर्यंत

आमच्या कुळाच्या कानबाईवर माझ्या चुलत पुतण्याने एक पुस्तिका छापली आहे. पुतण्या शिक्षक होता, निवृत्त झाला, हाताशी वेळ आला. आणि वेळ हाताशी आलेला शिक्षक इतिहास लिहितो. पुस्तिकेला माझी हरकत नाही. तिच्यात माझ्या आईवर जो मजकूर आहे, त्याला आहे. पुतण्या लिहितो की, आई आजारी लेकराला घेऊन दवाखान्याच्या वाटेला लागली असता वेशीवर कानबाईने तिला हाक मारली. त्या माउलीने तिथून गाडी मागे फिरवली, देवीपुढे माथा टेकला, आणि देवीने प्रसन्न होऊन लेकराचा एक डोळा राखला. माझ्या सुनेचे म्हणणे याच्या अगदी उलट. तिच्या मते माझ्या वडिलांची थोरली बहीण, जिला आम्ही फुई म्हणत असू, ती कैदाशीण होती आणि तिनेच एका पोरीचा डोळा घालवला. पुतण्या तेव्हा जन्मला नव्हता. सुनेचा तर बापही जन्मला नव्हता. मी त्या गाडीत बसलेला होतो.

आमचे गाव रनाळ्यापासून दोन कोसांवर. जमीन काळी, कसदार, आणि पावसाळ्यात माणसाचा पाय धरून ठेवणारी. घरात आम्ही सहा जण होतो : वडील, आई, फुई, आठ वर्षांचा मी, चार वर्षांचा धाकटा भाऊ, आणि वर्षाची बहीण. आजोबा-आजी आधीच गेलेले. आमची शाखा थोरली, म्हणून कानबाईचा मूळ नारळ आमच्या घरी. स्वयंपाकघराच्या भिंतीत एक देवळी होती, तिच्यात लाल फडक्यात गुंडाळलेला तो नारळ वर्षभर असे. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी त्याला नथ, डोळे, साडीचोळी चढवून पाटावर बसवायचे आणि सोमवारी वाजतगाजत नदीवर नेऊन, पाणी दाखवून, परत आणायचे.

या सणाचा गाभा म्हणजे रोट. कुळातल्या प्रत्येक हयात पुरुषामागे सव्वा मूठ गहू आणि त्या मानाने हरभऱ्याची डाळ घ्यायची, घरच्या जात्यावर दळायची, आणि त्या पिठाच्या गूळ घातलेल्या जाड पोळ्या, म्हणजे रोट, कुळातल्यांनीच खायचे. परक्याच्या तोंडी त्यातला कण जाऊ द्यायचा नाही. गुराला घालायचे नाही, टाकायचे नाही. इतर घरांत रीत थोडी वेगळी असेल. ती मला कुणी पत्राने कळवू नये. मी आमच्या घरची सांगतो आहे. आमच्याकडे याला आणखी दोन कलमे होती. एक, रोटाचे पीठ वेशीबाहेर जात नाही. दुसरे, ते घरात शिल्लक असेपर्यंत घरची सूनही वेशीबाहेर जात नाही.

मूठ मोजायची ती घरच्या कर्त्या पुरुषाची. माझ्या वडिलांचा पंजा फावड्यासारखा होता. ते गहू घेऊ लागले की आई दाराआडून म्हणे, "जरा बोटे आखडा. तुम्हनी मूठ शे का टोपली?" वडील हसत आणि पुढची मूठ आणखी भरून घेत. त्यांच्यातला विनोद एवढाच. बोलणे त्याहून कमी.

एरवी कुळातले सगळे पुरुष सोमवारी आमच्या अंगणात पंगतीला बसत आणि बहुतेक पीठ त्याच दिवशी उठे. उरलेसुरले आम्ही आठवडाभर खात असू. पण त्या वर्षी, युद्धाच्या त्या दिवसांत, रॉकेल चिठ्ठीवर मिळत असताना, तापी अशी चढली की शहाद्याकडचे भाऊबंद पलीकडच्या काठावरच राहिले. एकेचाळीस पुरुषांच्या मुठी मोजून झाल्या होत्या. त्यांतले बावीस पुरुष पलीकडे. पंगत अर्धी झाली आणि सोमवारी संध्याकाळी आईपुढे पिठाने भरलेला पितळी डबा उरला. पंगतीला आलेले जेवून आपापल्या गावी परतले होते. आता वडील, आई आणि आम्ही दोन पोरे एवढेच खाणारे. बहीण दुधावर होती. आणि फुई खाऊ शकत नव्हती.

हे सुनेला मी तीनदा समजावून सांगितले आहे. फुई लग्न होऊन दुसऱ्या कुळात गेलेली, विधवा होऊन माहेरी परतलेली. घरातली प्रत्येक किल्ली तिच्या कमरेला होती, पण रोटाच्या दृष्टीने ती परकी. ज्या घरात ती जन्मली, त्या घरच्या देवीचा घास तिच्या तोंडी लागत नसे. रोट भाजत असताना ती चुलीपासून दूर, दाराशी पाठ टेकून बसे आणि काय चुकते आहे ते सांगे.

आता आईविषयी. पुस्तिकेत तिचे वर्णन "अखंड नामस्मरणात मग्न" असे आहे. माझ्या आईला नामस्मरणाला वेळ कुठला? पहाटे जाते, मग शेण, मग पाणी. एक पोर कमरेला, एक पदराला. धाकटा भाऊ तिचा पदर सोडत नसे. ती विहिरीवर जाई तेव्हाही तो पदर धरून मागे चाले, म्हणून गावातल्या बाया तिला "वासरूवाली" म्हणत. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, गावोगावच्या मुली माहेरी जाऊन झोके घेत, तिला तीन आखाज्या जाता आले नव्हते. दर वेळी कुणाचे तरी दूध, कुणाचा तरी ताप. घर, विहीर, गोठा या तीन जागांच्या बाहेर तिचे पाऊल पडलेले मला आठवत नाही. आणि बोलायला माणूस नव्हते. वडील शेतात, फुई हुकूम सोडणार. म्हणून ती देवळीतल्या नारळाशी बोले. हे मी ऐकलेले आहे. "माय, दूध नासनं. तुन्हं ध्यान कोठे व्हतं?" किंवा भाऊ झोपत नसला की, "याले झोपाड व माय, मंग मी तुन्हा दिवा लावस." आरती तिला अर्धीच पाठ होती. पुतण्याने जिला भक्ती म्हटले ती एका एकट्या बाईची शेजारणीशी चाललेली बोलाचाली होती. पण त्या शेजारणीला दिलेला शब्द मोडणे मात्र तिच्या स्वप्नातही आले नसते.

बहिणीचे डोळे सणाच्या आधीच आले होते. हळदीच्या पाण्याचे फडके, अंगावरचे दूध, तुरटी, सगळे करून झाले. मंगळवारी सकाळी पापण्या चिकटून बसल्या त्या उघडेनात. आई गूळ आणायला गावातल्या मारवाड्याच्या दुकानी गेली, पोर खांद्यावर, मी मागे. दुकानदाराच्या बायकोने पोरीचे तोंड उजेडाकडे वळवले, बोटाने पापणी उचलली आणि गूळ जोखणे सोडून दिले.

"बाई, इसको आज के आज ले जाव. मन्हा पोऱ्याना असाच डोया व्हता. नवापूरना रस्ताले मिशनना दवाखाना शे, आगगाडीखाल उतरनं की समोर. देर मत करो. एकदा फूल पडनं की मंग ब्रह्मदेव बी काही करत नही."

डोळ्यात फूल पडणे म्हणजे बुबुळावर पांढरे चढणे. ते उतरत नाही हे आमच्याकडे पोराटोरालाही ठाऊक होते. गावात तशी दोन माणसे भिंत चाचपत फिरत.

घरी येऊन आईने वडिलांना सांगितले. पोर अंगावर पिणारी, आईवाचून तिला नेता येत नव्हते. वडिलांनी फुईकडे पाहिले. फुई तांदूळ निवडत होती. तिने मान वर केली नाही.

"रोट घरमा शे."

"बाई, पोरना डोया जाई ऱ्हायनात."

"डोया देनारी कोन? तिले इचार. जवलोंग रोट, तवलोंग येस वलांडानी नही. आनि मिशनवालानं पानी पीसन ये, मंग पुढला साल नारयले हात कसा लावशी?"

"पानी मी घरनं लई जासू."

फुईने सूप खाली ठेवले. ती काय म्हणाली ते मी शब्दशः लिहितो, कारण सुनेच्या कथेत हे वाक्य नाही. "मी वलांडी व्हती," ती म्हणाली. "रोट डबामा ठेईसन माहेर उनू. मन्हा दोन पोरे व्हतात. आते कितला शेतस, मोज."

आईने मोजले नाही. फुईची दोन्ही पोरे एकाच पंधरवड्यात गेली होती हे तिला माहीत होते. ते दुखणे पटकीचे होते हेही कदाचित माहीत होते. पण पटकीने पोरे का न्यावीत, याचे फुईपाशी एक उत्तर होते आणि आईपाशी एकही नव्हते. कैदाशीण वगैरे शब्द वापरणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे. त्या घरात कैद एकटी आई नव्हती.

आई उठली. तिने पितळी डबा खाली काढला, झाकण उघडले, तळहाताने पीठ दाबून पाहिले. मग विचारले, "बाई, रोट सरनात म्हंजे मी जाऊ ना?"

"सरनात म्हंजे जा. मी काय तुन्ही वैरी शे?"

"मंग ठीक शे," आई म्हणाली, आणि तिने चूल पेटवली.

मंगळवारच्या दुपारपासून गुरुवारच्या संध्याकाळपर्यंत त्या घरात दुसरे काहीही शिजले नाही. रोट सकाळी, रोट दुपारी, रोट दिवेलागणीला. एका हाताने आई पोरीच्या डोळ्यांवरचे फडके ओले करी आणि दुसऱ्या हाताने रोट थापी. सणाच्या दिवशी तुपात बुडवून एक रोट खाणे हे सुख आहे. तिसऱ्या दिवशी अकरावा रोट म्हणजे ओली माती. गूळ संपला तेव्हा बिनगुळाचे झाले. वडील मुकाट खात. शेतातून आल्यावर ते पाटावर बसत, चार रोट खात, पाणी पीत, पाचवा हातात घेऊन त्याच्याकडे बघत बसत.

"मन्ही मूठ मोठी," ते एकदा म्हणाले.

"खा," आई म्हणाली. "तुम्हीच मोजी व्हती."

धाकटा भाऊ बुधवारीच मिटला. तो तोंड घट्ट दाबून जात्यामागे जाऊन बसला. मग भार माझ्यावर आला. आई रागावली असती तर सोपे झाले असते. तिने आर्जव केले. आईने पोराला आर्जव करणे यासारखी कोंडी नाही. "खा रे राजा. आखो एक. तुन्ही बहिनसाठे." मी खाल्ले. बुधवारी संध्याकाळी ओकलो. फुई दारातून ओरडली, "रोट व्हता तो! पाय नको लावू!" आणि आईने ते सगळे राखेत घेऊन तुळशीच्या मुळाशी पुरले. मी रडू लागलो तेव्हा तिने माझे तोंड पुसले आणि पुटपुटली, "त्यानं काही नही. एकदा पोटमा गया म्हंजे गया." हे ती मला सांगत होती की देवळीला, कोण जाणे. मग ती परत चुलीपुढे बसली.

ती स्वतः किती खात होती हे मी पाहत होतो. गुरुवारी ती भाजता भाजता खात होती, उभ्याने, तव्यावरून थेट तोंडात, डोळे मिटून. एकदा तिने देवळीकडे बघून म्हटले, "हास. हास माय. तुन्हा घरमा अशीच गंमत शे."

गुरुवारी संध्याकाळी तिने शेवटचे सहा रोट भाजले आणि डबा उपडा करून फुईला दाखवला. फुईने डब्याच्या कडेवरून बोट फिरवले, बोट पाहिले, मान हलवली. सहांपैकी दोन वडिलांना, एक स्वतःला, आणि तीन माझ्या ताटात पडले. "एवढा तीन," आई म्हणाली. "सकाय आपण आगगाडीमा बठसूत." मला ती बरोबर नेणार होती. वडिलांना निंदणी सोडून जाता येत नव्हते, आणि मी तिसरीत होतो, बोर्डावरची अक्षरे वाचू शकत होतो, मास्तरांची मराठी बोलू शकत होतो. दवाखान्यात आपली अहिराणी कोण समजणार, अशी तिला धास्ती होती.

पुढची गोष्ट मी आजवर कुणालाही सांगितलेली नाही.

ताट घेऊन मी ओसरीवर गेलो. आई पोरीला पाजत होती, फुई दिवा लावत होती, वडील गोठ्यातून नुकतेच येऊन हात धूत होते. मी एक घास तोडला. तो घशापर्यंत गेला आणि परत आला. मी तिन्ही रोट सदऱ्यात घातले, गोठ्यात गेलो, आणि कडब्याच्या गंजीत खालच्या पेंढीत हात कोपरापर्यंत घालून ते आत सारले. परत येऊन रिकामे ताट आईपुढे ठेवले. तिने माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि आपल्या कपाळाशी कडकडा बोटे मोडली.

शुक्रवारी उजाडता उजाडता गाडी जोडली. पाऊस भुरभुरत होता. फुईने घरच्या पाण्याची कळशी तोंडाला फडके बांधून गाडीत ठेवली. धाकट्याचा हात आईच्या पदरातून तिनेच सोडवला. तो किंचाळत राहिला आणि फुईने त्याला घट्ट धरून ठेवले. आईने मागे पाहिले नाही. तीन वर्षांत ती पहिल्यांदा गावाबाहेर चालली होती. गाडीत गोणपाटाचा आडोसा होता. त्याच्याआड आई, मांडीवर बहीण, शेजारी मी. चिखलामुळे वडील खाली उतरून बैलांच्या पुढे चालत होते.

वेशीपाशी आल्यावर आईने हात जोडले आणि म्हणाली, "माय, तुन्हं सगयं खाई टाकं. आते माले जाऊ दे."

त्या शब्दांनी माझा बांध फुटला. मी अजून विचार करतो की, तिने तेवढे एक वाक्य मनात म्हटले असते तर? मी तिच्या दंडाला तोंड लावून सांगितले, "माय, मी तीन रोट लपाडेल शेतस."

तिने हळूच विचारले, "कोठे?"

"कडबामा."

गाडी चालतच होती. इथे मला वाचकाला थांबवायचे आहे, कारण पुतण्या आणि सून दोघेही इथेच चुकले आहेत. तिला कुणीही अडवलेले नव्हते. फुई घरी होती आणि तिच्या मते रोट संपले होते. वडिलांना माझे शब्द ऐकू गेले नव्हते. कडब्यातले रोट उंदरांनी दोन दिवसांत फस्त केले असते आणि जगात कुणालाही कळले नसते. तिने फक्त गप्प बसायचे होते. वेस चार पावलांवर होती. मी तिचे तोंड पाहिले. पिंजऱ्याचे दार उघडे दिसत असताना जे बाहेर पडू शकत नाही, त्या पाखरासारखे ते झाले होते. तिने बहिणीच्या डोळ्यांवरचे फडके उचलून पाहिले, परत ठेवले. बैल वेशीच्या दगडापाशी पोचले.

"गाडी फिरवा," ती म्हणाली.

वडील थांबले. "काबं?"

तिने माझ्याकडे पाहिले. वडिलांचा तो पंजा मला ठाऊक होता, आणि रोट लपवणाऱ्या पोराचे फुई काय करील हेही. आई म्हणाली, "कानबाई मायनी बलाई."

पुतण्याच्या पुस्तिकेतला चमत्कार तो हाच. त्याचा जन्म असा झाला : आठ वर्षांच्या पोराला मार बसू नये म्हणून.

घरी पोचलो तर फुई दारात. आईने तिलाही तेच सांगितले. फुईचे तोंड उतरले, मग तिने जे केले ते मी त्या घरात कधी पाहिले नव्हते : थोरली नणंद भावजयीच्या पायाशी वाकली. आई मागे सरकली. "नको बाई, नको," एवढेच ती म्हणू शकली. बहिणीला फुईच्या मांडीवर देऊन ती बैलांना वैरण टाकण्याचे निमित्त करून गोठ्यात शिरली आणि मी तिच्यामागे.

रोट मुंग्यांनी भरले होते. तिसऱ्याचा अर्धा उंदराने नेला होता. आईने तो अर्धा तुकडा बराच वेळ उलटापालटा करून पाहिला.

"उंदीर परका कुयना तं नही ना व्हनार?" मी रडत रडत विचारले.

ती हसली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसली. "आपलाच घरमा जन्मना शे तो. बेचाळीसावा." मग तिने मुंग्या झटकल्या आणि खायला सुरुवात केली. मी हात पुढे केला तर तिने तो बाजूला सारला. "तू ओकशी. दारमा उभा ऱ्हाय." कडब्याची कुसे लागलेले, सर्द झालेले ते अडीच रोट तिने एकटीने खाल्ले, मी दारात उभा राहून तिच्या जबड्याचा आवाज ऐकत होतो. शेवटचा घास गिळल्यावर तिने पदराने जमीन पुसली, पदराला चिकटलेले कणही चाटून घेतले.

गाडी पुन्हा जोडून स्टेशनात पोचलो तेव्हा आगगाडी निघून गेली होती. दिवसाची ती एकच. आम्ही परत आलो, आणि शनिवारी गेलो.

दवाखान्यातली डॉक्टरीणबाई गोरी होती आणि पुस्तकातली मराठी बोलत होती. मी दोघींच्या मध्ये उभा. बाईंनी दिव्याच्या उजेडात पोरीचे दोन्ही डोळे उघडून पाहिले. "उजव्या डोळ्यावर हे पांढरे केव्हा आले?"

मी आईला विचारले. "काल दुफारले," आई म्हणाली.

"काल दुपारी," मी सांगितले.

"मग काल सकाळी का आणले नाही?" बाईंच्या स्वरात राग नव्हता, त्या कागदावर लिहून घेत होत्या.

मी तो प्रश्न आईच्या भाषेत सांगितला. आई माझ्याकडे पाहून म्हणाली, "सांग, रस्तामा गारा व्हता."

"रस्त्यात चिखल होता," मी म्हणालो. मास्तरांच्या मराठीत, स्पष्ट उच्चारात.

डावा डोळा वाचला. उजवा गेला. आम्ही तिथे बारा दिवस राहिलो, कळशीतले पाणी दुसऱ्याच दिवशी संपले, आणि त्यानंतर आईने तिथलेच पाणी प्यायले. फुईने पुढे त्याविषयी एक अक्षर काढले नाही. जिला देवीने हाक मारली तिला कोण काय विचारणार?

हीच ती गोष्ट, जी मला पुस्तिका लिहिणाऱ्यांना सांगायची आहे. दुसऱ्या वर्षीपासून श्रावणात शेजारच्या गावांतल्या बाया आईच्या पायाशी पोरे आणून ठेवू लागल्या. कानबाईशेजारी तिला पाटावर बसवत. "तुम्हले मायनी बलाई व्हती ना? आमना पोऱ्याले हात लावा." तिला नाही म्हणता येत नव्हते, नाही म्हटले तर कारण द्यावे लागले असते, आणि कारण मी होतो. ती हात लावी. तो हात लावताना ती देवळीकडे बघत नसे. माझ्या लक्षात आणखी एक गोष्ट आली, जी इतर कुणाच्याही लक्षात आली नाही : त्या शुक्रवारनंतर ती नारळाशी बोलत नसे. दूध नासले तर नासले. भाऊ झोपला नाही तर नाही. दिवा लावी, रोट करी, अर्धी आरती म्हणे, आणि गप्प. जिच्याशी तिची बोलाचाली होती तिच्याच नावाने ती खोटे बोलली होती, आणि त्या खोट्यावर गाव दर वर्षी हळदकुंकू वाहत होते. घर, विहीर, गोठा यांतून तिला पुढे मोकळीक मिळाली. वयाने, सुनांनी, एस.टी.ने मिळवून दिली. त्या पाटावरून मात्र ती मरेपर्यंत उठू शकली नाही.

मी मोठा झाल्यावर एकदा म्हणालो होतो, "माय, मी सांगी टाकस सगळासले." ती गिलके चिरत होती. म्हणाली, "मंग मी कोन ऱ्हासू? लबाड ना? ऱ्हाऊ दे." तिचे बरोबर होते. मी गप्प राहिलो. आणि तिच्या हयातीत गप्प राहण्यात माझीही सोय होती, हे लिहिल्यावाचून हा मजकूर पुरा होणार नाही.

एक दिवस उशीर झाला नसता तर डोळा वाचला असता का? हा प्रश्न मी पुढे एका नेत्रतज्ज्ञाला विचारला, कुणा दुसऱ्याची हकिगत म्हणून. तो म्हणाला, इतक्या वर्षांनी सांगता येत नाही; कदाचित आधीच उशीर झाला असेल, कदाचित नसेल. असल्या उत्तरावर माणसाने काय करावे?

पुस्तिका हाती आल्यावर मी बहिणीकडे गेलो. ती आता ऐंशीच्या घरात आहे, शहाद्यात नातवाकडे असते. अकरावे पान तिला वाचून दाखवले आणि मग कडब्याचे सांगितले. ती डाव्या डोळ्याने माझ्याकडे बघत राहिली.

"भाऊ, तू आठ वरीसना व्हता."

"आठ वर्षांच्या मुलाला कळते," मी म्हणालो.

"तीन दिन तेच खाई ऱ्हायना व्हता. मी व्हतू तं पहिलाच दिन फेकी देतू."

"तुला फेकायचा प्रश्न नव्हता. तू दुधावर होतीस."

"बरं. मंग मन्हा डोया, मी माफ कयं. सरनं?"

"नाही," मी म्हणालो. "तू माफ करायला तुला आधी पूर्ण समजले पाहिजे. तू अर्धेच ऐकलेस. आईने वेशीवर—"

"व माय!" ती नातसुनेला हाक मारत म्हणाली, "चहा ठेव व. हाऊ भाऊ आते माफीबरबर बी भांडी ऱ्हायना."

नातसुनेने चहा ठेवला. मी खुर्ची बहिणीच्या डाव्या बाजूला सरकवली आणि मंगळवारच्या गुळापासून पुन्हा सांगायला सुरुवात केली.